मॅडम काही मागत नाहीत

बाई: आजोबा, हात मागे.

आजोबा: मी कुठं काय केलं?

बाई: साबणाच्या फुग्यांची ही बाटली मी बंद करून तिच्यासमोर ठेवली होती. आता ती उघडी आहे.

आजोबा: झाकण फार घट्ट होतं हो.

बाई: मुद्दाम लावलं होतं घट्ट! मला बघायचं होतं, ती उघडून कशी मागते.

लेक: बाबा, बाई हिचं बोलणं तपासतायत, तुम्हाला बाहेर बसा म्हटलं होतं ना मी?

आजोबा: बाहेरच बसलो होतो. दारातून दिसलं. मॅडमनी बाटलीकडे बघितलं, मग झाकणाकडे, मग माझ्याकडे. आता एवढं झाल्यावर माणसानं काय बाकावर बसून राहायचं?

बाई: मॅडम म्हणजे आपली ही छोटी?

लेक: हीच. माझी मुलगी. यांनी मॅडम म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. बाबा हॉटेलात होते हो. हेडवेटर.

आजोबा: साधंसुधं हॉटेल नाही, डॉक्टरबाई. पांढरे टेबलक्लॉथ, इस्त्री केलेले नॅपकिन. माझ्या टेबलावर कधी कुणाला पाणी मागावं लागलं नाही. मागितल्यावर काय, कुणीही देईल. गिऱ्हाइकाला तहान लागल्याचं त्याच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे.

बाई: आणि आता निवृत्तीनंतर एकच टेबल उरलंय.

आजोबा: एकच. पण गिऱ्हाईक वरच्या दर्जाचं.

लेक: बाई, तुम्ही हसू नका, त्यांना चेव येतो. मी इथे रडकुंडीला आलेय. अडीच वर्षांची झाली ही, आणि एक शब्द नाही. 'आई' नाही, साधं 'नको' नाही. हिचे बाबा कामासाठी परगावी असतात, रोज फोन करतात. ही फोनकडे बघून नुसती गोड हसते. त्यांना वाटतं, फोन बिघडलाय.

बाई: आधी चांगलं ते सांगते. कान तपासले, ठणठणीत आहेत. मघाशी मी म्हटलं, लाल मोजा टोपलीत टाक आणि बाहुलीला झोपव. एका दमात दोन कामं सांगितली, तिनं दोन्ही केली. वर बाहुलीला थोपटलंसुद्धा. म्हणजे दुकानात माल भरपूर भरलाय. शटर तेवढं वर जायचंय.

लेक: कधी जाईल?

बाई: तारीख नाही देता येणार. काही मुलं उशिरा बोलतात. मी लक्ष ठेवून आहे, 'बघू बघू' म्हणून सोडून देणार नाही. बरं, घरी तिला काही हवं असलं तर ती मागते कशी?

आजोबा: मागते? छे. मॅडम काही मागत नाहीत.

लेक: ऐकलंत? हे अभिमानानं सांगतायत!

बाई: आजोबा, एक गोष्ट आधी स्पष्ट करते. तुमच्या लाडांमुळे ती गप्प आहे असं नाही. लाड केल्यानं कुणी मुकं होत नाही. पण तोंड उघडायला काही निमित्त तर हवं. आता एक गंमत करू. मी बोलते, तुम्ही ऐका. 'सकाळी उठलो, तोंड धुतलं आणि कपभर गरमागरम...'

आजोबा: चहा.

बाई: मी म्हटलाच नाही चहा.

आजोबा: म्हणणार होतात ना.

बाई: बघा! ऐकताना मेंदू हाताची घडी घालून बसत नाही. समोरचा पुढे काय बोलणार याचा अंदाज बांधून तयारच असतो. शब्द यायच्या आधी तो शब्द हातात.

आजोबा: म्हणजे ट्रे घेऊन उभा?

बाई: ट्रे घेऊन उभा!

आजोबा: अरे वा! मग मेंदू आमच्याच धंद्यातला निघाला की.

बाई: पण मी म्हटलं असतं, 'आणि कपभर गरमागरम चपला', तर?

आजोबा: चपला! काय बोलता!

बाई: दचकलात की नाही? अंदाज चुकला की मेंदू खडबडून जागा होतो. अरे, हे काय नवीन, म्हणून नीट बघतो. तिथेच तो शिकतो. आता ही पोर बघा. हिचा अंदाज कधी चुकतच नाही. पाणी हवंय वाटलं की पाणी हजर. हिच्या मेंदूनं जागं व्हायचं कधी?

लेक: ऐका बाबा.

बाई: म्हणून घरी थोडं चुका. रिकामा ग्लास द्या. एकच बूट घाला. आणि मग थांबा. काही बोलू नका, काही देऊ नका, नुसतं तिच्याकडे बघून हसत थांबा.

आजोबा: रिकामा ग्लास? गिऱ्हाइकाला?

लेक: मी तर ठरवून टाकलंय बाई. पुढच्या महिन्यापासून हिला पाळणाघरात घालते, दिवसभर. तिथे मुलं आहेत, आरडाओरडा आहे. काही हवं असलं तर बोलावंच लागेल. बाबांचीही सुटका होईल, दिवसभर हिच्या पायात घुटमळत असतात.

बाई: तुमचं काय म्हणणं, आजोबा?

आजोबा: माझं? माझं काय असणार. ती आई आहे. ती ठरवेल ते बरोबरच.

लेक: त्यांची काही हरकत नाही.

आजोबा: नाही, हरकत कसली. फक्त... समजा, त्याच्या आत मॅडम बोलायला लागल्या, तर?

लेक: तर बघू.

आजोबा: बघू ना? मग डॉक्टरबाई, तो रिकामा ग्लास कसा द्यायचा ते जरा नीट दाखवा. ग्लास उजवीकडून ठेवायचा ना?

*

लेक: परत करू. मी मॅडम. खुर्चीत बसलेय. मला तहान लागलीय. तुम्ही काय करणार?

आजोबा: पाणी देणार.

लेक: बाबा!

आजोबा: रिकामा ग्लास देणार, रिकामा! जिभेवर येत नाही गं लवकर. खाली बशी ठेवली तर चालेल?

लेक: ठेवा बशी. आणि तोंड असं मेल्यासारखं करू नका. बाईंनी हसत थांबायला सांगितलंय.

आजोबा: रिकामा ग्लास देऊन वर हसायचं! आमच्या हॉटेलात एका पोरानं असं केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो भांडी घासत होता.

लेक: चला. खरं गिऱ्हाईक आलंय, बसलंय बघा खुर्चीत. जा.

आजोबा: या मॅडम. हे आपलं... हे घ्या. घे बाई, ठेवला.

लेक: शू! आता थांबा. मनातल्या मनात पाच म्हणा. बघा, आत डोकावतेय. उलटा केला. बाबा, बघताय ना, विचार चाललाय तिचा!

आजोबा: एक. दोन. माझ्याकडे बघतायत. भुवया बघ गं.

लेक: बघू देत.

आजोबा: तीन. अगं, आता तर स्पष्टच सांगितलं त्यांनी. मी काय आंधळा आहे?

लेक: कुठे काय सांगितलं? ग्लासच्या काठावरून बोट फिरवतेय नुसती.

आजोबा: तेच ते. काठावरून बोट म्हणजे पाणी.

लेक: म्हणजे?

आजोबा: म्हणजे पाणी. आमच्याकडे एक वकीलसाहेब यायचे, त्यांची ही खूण. बोलण्यात खंड पडायला नको म्हणून नुसतं बोट फिरवायचे. ती मी मॅडमना सहज करून दाखवली एकदा.

लेक: आणि तिनं उचलली?

आजोबा: एका दिवसात. फार हुशार गिऱ्हाईक.

लेक: थांबा, थांबा. अशा आणखी किती आहेत?

आजोबा: आहेत थोड्या. नॅपकिन ताटलीवर ठेवला म्हणजे झालं माझं, उचला. दोन बोटं टेबलावर आपटली म्हणजे सूप कढत आहे, फुंकर मारा. आणि हवेत असं सही केल्यासारखं...

लेक: बिल आणा?

आजोबा: मूळचं ते. पण मॅडमच्या भाषेत, पुरे झालं जेवण, आता बागेत न्या.

लेक: अहो, मग परवा! परवा रविवारी मी भरवत होते, तर ही सारखी हवेत हात नाचवत होती. मला वाटलं माशी आहे. मी तासभर माशी शोधत होते, बाबा!

आजोबा: बागेत जायचं होतं त्यांना.

लेक: आणि ग्लासच्या काठावर बोट फिरवलं तेव्हा मी तिचा हात बाजूला केला. चाळा करू नकोस म्हणाले.

आजोबा: तुला कसं कळणार? नवीन माणसाला थोडा वेळ लागतो.

लेक: नवीन माणूस! मी आई आहे तिची. तुमची दोघांची मस्त भाषा चाललीय दिवसभर, गप्पा, विनोद, सगळं. आणि मला त्यातला एक शब्द येत नाही. ती माझ्याशी बोलत होती, बाबा. बोलत होती आणि मी माशी मारत होते.

आजोबा: अगं वेडे, रडतेस काय? शिकवतो ना तुला. अगदी सोपी आहे.

लेक: मग मला आधी एकच सांगा. 'आई' कसं म्हणते ती?

आजोबा: आई... हे असं. दोन्ही हात दोन्ही कानांवर.

लेक: कानांवर? का? मी ओरडते म्हणून?

आजोबा: छे गं. तुझे ते कामाचे हेडफोन. एकदा तुला घ्यायला आम्ही ऑफिसात आलो होतो, आठवतं? तू काचेपलीकडे बसून फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकत होतीस. त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की दारात जाऊन उभी राहते आणि कानांवर हात ठेवते. तू जिन्यात पाय ठेवेपर्यंत.

लेक: हे तुम्ही शिकवलंत?

आजोबा: नाही. हे तिचं तिनं काढलंय.

लेक: रोज?

आजोबा: रोज. आता बघ, तू डोळे पुसतेयस तर काय करतेय. बघ, बघ!

लेक: अगं माझे राणी. हो गं, आई. आई! इकडे ये. मी पण ठेवते कानांवर हात. काय म्हणतेय मी बाबा? हे बरोबर आहे ना?

आजोबा: उच्चार जरा सुधारायला हवा. पण कळलं त्यांना.

*

बाई: कानांवर हात म्हणजे आई! मी या टेबलावर चढून नाचू का?

आजोबा: डॉक्टरबाई, टेबल हलतंय. एक पाय आखूड आहे त्याचा.

लेक: म्हणजे हे चांगलं आहे? मला वाटलं तुम्ही ओरडाल. मी म्हटलं, खुणांची सवय लागली म्हणूनच बोलत नसेल.

बाई: उलट आहे हो. मेंदूला तोंडाचं कौतुक नाही. कुणी हातांनी बोलो की जिभेनं, बोलण्याचा कारखाना तोच. आणि हाताची खोली, तोंडाची खोली, दोघी मेंदूत शेजारणी. एकीकडे गडबड सुरू झाली की दुसरीला ऐकू जातं. आता मला सांगा, ती दोन खुणा जोडते का? एकापाठोपाठ एक?

आजोबा: जोडते की. कालच, ही कामावरून आली तर मॅडमनी आधी कानांवर हात ठेवले, मग ग्लासच्या काठावर बोट.

बाई: म्हणजे?

आजोबा: आईला पाणी दे.

बाई: वाक्य! अहो, हे वाक्य आहे! कुणाला, काय, सगळं आलं त्यात. ही पोर मुकी नाही, हिची भाषा जगात फक्त एका माणसाला येते, एवढीच अडचण आहे.

लेक: दोन माणसांना. मला आता येते. बऱ्यापैकी.

बाई: दोन. आता खुणेच्या जोडीला शब्द कसा बसवायचा ते बघू. आजोबा, तिनं काठावर बोट फिरवलं की तुम्ही तोंडानं 'पाणी' म्हणता का?

आजोबा: पाणी आणतो की सरळ. म्हणत कशाला बसू?

बाई: म्हणजे दिवसभर गप्प?

लेक: गप्प! अहो, यांचं तोंड बंद नसतं एक मिनिट.

बाई: मग काय बोलता? मला करून दाखवा. मी मॅडम, बसलेय खुर्चीत.

आजोबा: आत्ता? बरं. या मॅडम, या. खुर्ची ओढतो. आज आपल्याकडे टोमॅटोचं सूप आहे, ताजं, सकाळीच केलंय. सांभाळून, वाटी गरम आहे. कसं झालंय? वा, छान. थोडं वाढू? आणि मग सगळं झालं की जरासं वाकून, आवाज खाली आणून, असं... 'आणखी काऽही?'

बाई: किती गोड म्हणता!

आजोबा: सगळी कमाई त्या दोन शब्दांत होती, डॉक्टरबाई. घाईत म्हटलं तर गिऱ्हाइकाला वाटतं, ऊठ म्हणतायत. लांबवलं तर वाटतं, बळंच खायला घालतायत. मधोमध यावं लागतं.

बाई: आणि गिऱ्हाईक काय बोलतं?

आजोबा: काही नाही. खुणा.

बाई: म्हणजे ही दिवसभर ऐकते ते फक्त वेटरचं बोलणं.

आजोबा: हो, म्हणजे... हो.

बाई: आणि मूल शिकतं कशावरून? जे कानावर पडतं त्यावरून. पोटात असल्यापासून ते आपल्या बोलण्याची चाल ऐकत असतं. आपण बोलतो ते सलग बोलतो, शब्दाशब्दांत फट नसते. कुठले आवाज नेहमी जोडीनं येतात ते मोजून मोजून पोरं स्वतःच शब्द सुटे करतात. कुणी शिकवत नाही. काही पोरं तर अख्खी ओळच सुरासकट उचलून ठेवतात. पण जे कुणी बोललंच नाही, ते ती आणतील कुठून? 'मला पाणी हवं' असं या घरात कोण म्हणतं?

लेक: मी नाही म्हणत. मी यायच्या आत यांनी भरून ठेवलेलं असतं.

आजोबा: मी तर कधीच नाही.

लेक: आणि घरून काम असलं की मी फोनवर काय बोलते? 'नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?' अहो बाई, आमच्या घरात दोन वेटर आहेत आणि गिऱ्हाईक एकही नाही!

बाई: तरी म्हटलं, हिनं मागायचं शिकावं कुणाकडून!

आजोबा: थांबा. हे आमच्याकडेही व्हायचं. नवीन पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी आम्ही त्याच्या हातात ट्रे देतच नव्हतो. त्याला टेबलावर बसवायचो, गिऱ्हाईक म्हणून. मागून बघ म्हणायचो. मागायला काय लागतं ते कळल्याशिवाय वाढायचं कसं कळणार?

बाई: मग बसा.

आजोबा: कोण?

बाई: तुम्ही. लेक वाढेल, तुम्ही मागा. मोठ्यानं, तोंडानं. मॅडम शेजारच्या खुर्चीत बसून बघतील.

आजोबा: मी? टेबलावर बसून मागू?

बाई: जमेल ना?

आजोबा: त्यात काय न जमण्यासारखं?

*

लेक: पाच मिनिटं झाली, साहेब. समोर ग्लास नाही, चमचा नाही, सूप निवत चाललंय. काही हवंय का आपल्याला?

आजोबा: असू दे, मी उठून घेतो.

लेक: बसा खाली! रोज तेच. गेले कित्येक दिवस तुम्ही उठून घेताय. मॅडम बघतायत. काय शिकतील त्या?

आजोबा: अगं, आयुष्यात मागितलं नाही कुणाकडे. तुझ्या आईकडेसुद्धा नाही.

लेक: आई ओळखून द्यायची.

आजोबा: ती ओळखायची. तिच्याकडूनच शिकलो मी, हॉटेलात नाही.

लेक: आज मागा. एकदाच. हे बघा, नॅपकिन टाकलाय हातावर. काय हवंय, साहेब?

आजोबा: पाणी.

लेक: ऐकू नाही आलं.

आजोबा: मला पाणी हवंय!

लेक: वा! टाळ्या वाजवतायत बघा मॅडम. हे घ्या.

आजोबा: अगं, हे रिकामं आहे.

लेक: आमच्याकडची सर्व्हिस अशीच आहे. रिकामं आलं तर काय म्हणायचं?

आजोबा: याच्यात... याच्यात पाणी घाला.

लेक: शाबास. आणि?

आजोबा: आणि चमचा द्या. छोटा नको, मोठा. आणि मीठ. मीठ कमी आहे सुपात, मघापासून सांगणार होतो.

लेक: अरेच्चा! गिऱ्हाईक फॉर्मात आलं. हे मीठ, हा चमचा. आणखी काही?

आजोबा: असं नाही म्हणायचं. घाईत म्हटलंस.

लेक: बरं, वाकून म्हणते. आणखी काऽही?

आजोबा: (चमचा बाजूला ठेवतात.)

लेक: काय झालं, बाबा? तिखट लागलं?

आजोबा: नाही. एक मागायचं होतं.

लेक: मागा ना.

आजोबा: मॅडमना दिवसभर पाळणाघरात नको घालूस. माझ्याजवळ राहू देत.

लेक: बाबा...

आजोबा: त्या बोलल्या नाहीत अजून, मला माहितेय. महिना संपत आला. उद्या तुला पाळणाघरात कळवायचंय, तेही माहितेय. पण मला त्या हव्यात. सकाळी उठल्यावर कुणाला तरी विचारायला हवं असतं गं मला, आज काय घेणार म्हणून.

लेक: हे आधी का नाही बोललात?

आजोबा: तू म्हणालीस, तुमचीही सुटका होईल. त्यावर काय बोलणार?

लेक: म्हणायचं, मला सुटका नको!

आजोबा: मला वाटलं, तुझ्या लक्षात येईल.

लेक: लक्षात येईल! म्हणजे तुम्हीही ग्लासच्या काठावरून बोट फिरवत बसलात. आणि मी बिनडोक पुन्हा माशी शोधतेय. अहो, मला वाटायचं तुम्ही थकता. मला वाटायचं, बाबा तोंडानं म्हणणार नाहीत, आपणच ओळखून त्यांना मोकळं करावं.

आजोबा: तू पण ओळखून वाढलंस?

लेक: तुमचीच मुलगी आहे ना. आणि वाढलं ते नेमकं चुकीचं वाढलं.

आजोबा: होतं असं. नवीन माणसाचं होतं.

लेक: पुरे! हसवू नका, मला रडायचंय. ऐका. दिवसभर नाही. सकाळी थोडा वेळ पोरांत जाऊ दे, दंगा करू दे. जेवायला तुमच्या टेबलावर. तिथून संध्याकाळपर्यंत तुमची. बोलो न बोलो. चालेल?

आजोबा: चालेल म्हणजे? पळेल!

लेक: मग झालं तर. आता ते सूप संपवा.

(मॅडम खुर्चीवरून उतरतात. जमिनीवर पडलेला नॅपकिन उचलून हातावर टाकतात, आजोबांच्या खुर्चीशी येऊन उभ्या राहतात आणि जराशा वाकतात.)

मॅडम: आन्की काऽही?

लेक: बाबा.

आजोबा: हलू नकोस.

लेक: बाबा, ती...

आजोबा: शू! बाईंनी काय सांगितलंय? थांबायचं. हसत थांबायचं.

लेक: मी हसतेच आहे. रडत हसतेय.

मॅडम: आन्की काऽही?

लेक: अहो, सूरसुद्धा तुमचाच! घाईतही नाही, लांबवलेलंही नाही.

आजोबा: मधोमध. अगदी मधोमध आलं गं.

लेक: बोला ना काहीतरी! ती विचारतेय तुम्हाला. इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगता, गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवू नये म्हणून.

आजोबा: काय मागू? मला काही सुचेना. सगळंच आहे समोर.

लेक: काहीही मागा!

आजोबा: पाणी. मॅडम, मला पाणी हवंय.

मॅडम: पानी.

लेक: पाणी म्हणाली! बाबा, पाणी म्हणाली ती! मी हिच्या बाबांना फोन लावते. नाही, आधी बाईंना. नाही, आधी बघू दे, कुठे चालली ती?

आजोबा: स्वयंपाकघरात. ग्लास आणायला. मागे जाऊ नकोस, ऑर्डर घेतलीय त्यांनी.

लेक: अडखळेल ती.

आजोबा: नाही अडखळत. बघ, बशी पण घेतलीय खाली. उजवीकडून येतायत. बघ गं, उजवीकडून!

मॅडम: पानी.

आजोबा: थँक यू, मॅडम. फार छान. वा! काय गार आहे!

लेक: बाबा, काय पिताय? ग्लास रिकामा आहे.

आजोबा: माहितेय मला. गप्प बस. परत मागता येईल.